भुजच्या डोंगरावर नावं आहेत, आमच्या गावात नुसता आकडा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगतो, पण महिनाभर डोक्यात हेच चाललंय आणि कुणाला तरी लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. तुम्हाला छापताना जेवढं घेता येईल तेवढं घ्या.

मागच्या डिसेंबरात आम्ही कच्छला गेलो होतो. मी, बायको, बारा वर्षांची मुलगी आणि माझी आई. आईला आम्ही मायच म्हणतो, मूळचे किल्लारीच्या बाजूचे आहोत आम्ही, ९३ च्या भूकंपात जी बावन्न गावं गेली त्यातलंच एक आमचं. आता पुण्यात असतो. ट्रिप होती पांढऱ्या रणासाठी, मुलीनं कुठं तरी फोटो बघितले होते आणि हट्ट धरला होता. बांद्र्याहून कच्छ एक्सप्रेस पकडली, भुजला उतरलो, आणि ज्या रिक्षानं हॉटेलवर गेलो त्या रिक्षावाल्यानंच सांगितलं की रणात उद्या जा, आज दुपारी स्मृतिवन बघून घ्या, भुजिया डोंगरावर आहे, लांब नाही. मला नाव ऐकून माहीत होतं. २००१ च्या भूकंपाचं म्युझियम आहे हेही माहीत होतं. म्हणूनच मी जरा टाळत होतो, मायला घेऊन तिथं जावं की नाही हेच कळत नव्हतं. शेवटी मीच विचारलं तिला. ती म्हणाली, "चल की, बगू त्यांनी कसं ठिवलंय."

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. २६ जानेवारी २००१, शुक्रवार, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं. प्रजासत्ताक दिन, झेंडावंदन चालू. भचाऊ तालुक्यात चोबारी गावाजवळ केंद्र, तीव्रता ७.७. भुज, भचाऊ, अंजार, रापर, सगळं पडलं, पार अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती कोसळल्या. तेरा हजारांच्या वर माणसं गेली. अंजारमध्ये तर शाळेच्या पोरांची प्रभातफेरी अरुंद गल्लीतून चालली होती आणि दोन्ही बाजूची घरं अंगावर आली, १८५ मुलं आणि २० शिक्षक त्यात गेले. त्यांचं अंजारला वेगळं वीर बाळक स्मारक आहे, तिथं आम्हाला जायला जमलं नाही, वेळ होता पण मुलगी बरोबर होती आणि मायची पण तेवढी ताकद उरली नव्हती.

स्मृतिवन २८ ऑगस्ट २०२२ ला सुरू झालं. ४७० एकरांत आहे, अख्खा डोंगर म्हणा ना. वर जुना भुजिया किल्ला, उतारावर लाखोंनी झाडं लावलीत, ती मियावाकी पद्धतीची दाट, आणि डोंगरावरून पावसाचं पाणी वाहून जाऊ नये म्हणून पन्नास छोटे छोटे बंधारे बांधलेत. कच्छसारख्या कोरड्या मुलखात हे बघून पहिल्यांदा मला त्याचंच बरं वाटलं. म्युझियम डोंगराच्या अंगानं चढत जातं, एक दालन झालं की बाहेर यायचं, थोडं चालायचं, परत आत. सात दालनं आहेत, रीबर्थ, रीडिस्कव्हर, रीस्टोर अशी नावं, शेवटचं रीन्यू. पृथ्वी कशी झाली, भूकंप का होतो, कच्छची माणसं, त्यांची कला, हडप्पाच्या काळातलं धोलावीरा, मग तो दिवस, मग परत उभं राहणं. परदेशातला प्री व्हर्साय नावाचा मोठा पुरस्कार पण मिळालाय ह्या म्युझियमला, आणि मिळायलाच हवा होता, बांधकाम खरंच देखणं आहे, दगडाचं, डोंगरातूनच वर आल्यासारखं.

त्यातलं रीलिव्ह म्हणून जे दालन आहे तिथं भूकंप अनुभवायला मिळतो. चारी बाजूंनी स्क्रीन आणि पायाखालची जमीन हलते. माय म्हणाली मी बाहेर बसते. बायको तिच्याजवळ थांबली, मी आणि मुलगी आत गेलो. मी काय लिहू त्याबद्दल, चांगलं केलंय, पोटात खड्डा पडतो, शेजारची दोन-तीन पोरं आधी हसत होती ती नंतर गप्प झाली. मुलगी बाहेर आली ती सरळ आजीच्या शेजारी जाऊन चिकटून बसली, काही बोललीच नाही. मायनं मला विचारलं, "आवाज केला का रं त्यांनी?"

मी म्हटलं हो, आवाज होता.

"न्हाई, हलायच्या आदी. आदी आवाज येतो. जमिनीच्या आतनं. मग हलतं." आणि मग थोड्या वेळानं, "आन धुराळा?"

धुराळा नव्हता. धुराळा कसा दाखवणार. पण आमच्याकडच्या कुणालाही विचारा, ज्यांना दगडमातीतून काढलं त्यांना, पहिली आठवण तीच निघते, तोंडात, नाकात, डोळ्यात माती, आणि काळाकुट्ट अंधार, आणि कुठून तरी कुणी तरी हाक मारतंय.

आमचं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवले होते, गाव उशिरा झोपलं होतं. मी नऊ वर्षांचा होतो. वडील खळ्यावर राखणीला गेले होते, मी मिरवणुकीतून हट्टानं त्यांच्या मागं गेलो आणि तिथंच घोंगडीत झोपलो. घरात माय, आज्जी आणि माझा चार वर्षांचा भाऊ. मायला सकाळी गल्लीतल्या लोकांनी काढलं, तुळई आडवी पडून तिच्यावर पोकळी राहिली होती म्हणून ती वाचली. आज्जी आणि भाऊ नाही वाचले. त्याच्यापुढचं मला तुकड्या-तुकड्यातच आठवतं, नंतर लागलेला पाऊस, पडलेल्या घरांचीच लाकडं घेऊन पेटवलेल्या चिता, एकेका चितेवर किती तरी जण. इथं मी थांबतो.

सरकारी आकडा ७,९२८. जखमी सोळा हजारांच्या आसपास. हा आकडा आम्हाला तोंडपाठ आहे, दर ३० सप्टेंबरला तुमच्या पेपरात पण येतो, बाकीच्या पेपरांत पण येतो.

आता भुजचं पुन्हा. म्युझियममधून बाहेर आलो आणि त्या बंधाऱ्यांकडे गेलो. तिथं भिंतींवर पाट्या लावल्यात आणि त्या पाट्यांवर गेलेल्यांची नावं आहेत. १२,९३२ नावं. आकडा नाही हो, नावं. मायला वाचता येत नाही. तिनं पदरानं हात पुसला आणि पाटीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, वाच. मी म्हटलं माय ही आपली माणसं नव्हेत. "कुणाची तर हायतच की. वाच." मग मी वाचत गेलो. मोठ्यानं. बाप्यांची, बायकांची, लेकरांची, हिंदूंची, मुसलमानांची, एकच आडनाव परत परत यायचं तेव्हा कळायचं की हे बहुतेक एका घरातले असतील. माझा आवाज बसला तसं मुलीनं वाचायला घेतलं. मायचं बोट अक्षरांवरनं फिरत होतं, तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

आमच्यापासून थोडं पुढं एक म्हातारे गृहस्थ होते, डोक्याला फेटा, कच्छीच दिसत होते. त्यांनी पिशवीतनं पाण्याची बाटली काढली, एका नावावर थोडं पाणी टाकलं, रुमालानं ते नाव पुसलं, नीट, कडा पण पुसल्या, आणि रुमाल घडी करून ठेवला आणि बसले. त्यांच्याशी आम्ही काही बोललो नाही. माय बराच वेळ त्यांच्याकडं बघत होती. मग म्हणाली, "बरंय बाबा ह्याचं. ह्याला यायला जागा तर हाय."

संपादक साहेब, हे पत्र मी त्या एका वाक्यासाठी लिहितोय.

किल्लारीत स्मृतिस्तंभ आहे, मला माहीत आहे, दरवर्षी तिथं श्रद्धांजली वाहतात, आम्ही पण कित्येकदा गेलोय. पण आमच्या गावात आज्जीचं आणि भावाचं नाव कुठंच लिहिलेलं नाही. जुन्या गावाच्या जागी आता बाभळी आणि दगडांचे ढीग आहेत, आमचं घर नेमकं कुठं होतं ते मायला एका चिंचेच्या झाडावरनं ओळखता यायचं, ते झाड पण आता नाही. चिता कुठं पेटल्या होत्या ते सांगणारी माणसं बोटावर मोजण्याएवढी राहिलीत. वडील होते तोवर ते दरवर्षी जाऊन अंदाजानं एका जागी नारळ फोडायचे. वडील जाऊन आता सहा वर्षं झाली.

माझा भाऊ चार वर्षांचा होता, त्याचा एक फोटो पण नाही आमच्याकडं. शाळेत नाव घातलं नव्हतं. रेशनकार्ड घराबरोबरच गेलं. तो होता ह्याचा जगात काही पुरावा असेल तर तो मदत वाटपाच्या यादीत, कारण मयतांच्या वारसांना सरकारनं पैसे दिले तेव्हा गावागावच्या याद्या झाल्याच होत्या. ती यादी बघायला मिळावी म्हणून मी दोन वर्षांपूर्वी एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा सांगितलं कागद इकडं तिकडं गेले, दुसऱ्यांदा साहेब नाहीत, तिसऱ्यांदा सांगितलं एवढं जुनं काय करायचंय आता. मी त्या माणसाला दोष देत नाही, तो वयानं माझ्यापेक्षा लहान होता, त्याला ९३ म्हणजे पुस्तकातली गोष्ट. पण तेच तर म्हणणं आहे माझं. तीस वर्षं उलटून गेली, ज्यांना चेहरे आठवतात ती पिढी चाललीय.

मला कुणी म्हणेल की भुजचा भूकंप केवढा मोठा, गुजरातनं पैसा ओतला, आपल्याकडं कुठनं आणणार ४७० एकर. अहो, ४७० एकर कोण मागतंय. एक गोष्ट मात्र ह्या निमित्तानं सांगतोच. भुजची तीव्रता ७.७, आपली ६.२ की ६.४ जे काय असेल ते, म्हणजे आकड्यात दीडचाच फरक दिसतो, पण हा मापाचा हिशोब असा आहे की दीडच्या फरकानं ऊर्जा दीडशे पटीच्याही वर जाते. म्हणजे आपला भूकंप त्या मानानं फार लहान होता. तरी आठ हजार माणसं गेली. का गेली? घरांमुळं.

आमच्याकडची घरं ज्यांनी बघितलीत त्यांना कळेल. भिंती दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या, बाहेरनं एक दगडाचा थर, आतनं एक थर, मधी माती आणि चिपा. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसायचाच. आणि वर माळवद. लाकडी खांब, तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा थर, आणि दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला गळू नये म्हणून पांढरी माती आणून परत वर टाकायची. आज्जी स्वतः पाट्या वाहायची. असं वर्षानुवर्षं करत करत कुणाकुणाच्या माळवदावर दोन-दोन फूट माती साठलेली होती, उन्हाळ्यात घर थंडगार, आम्ही पोरं वर झोपायचो, वाळवणं घालायचो, पण ते ओझं डोक्यावर होतं हे कुणाच्या मनात कधी आलं नाही. भूकंपात भिंती मधनं फुगून दोन्हीकडं फाकल्या आणि वरची माती खाली. गंमत नाही, खरं सांगतो, काही घरांचे लाकडी खण, म्हणजे खांब आणि तुळयांचा सांगाडा, तसेच्या तसे उभे होते आणि भिंती तेवढ्या गेल्या होत्या. लाकूड टिकलं, दगडानं मारलं. आणि जे कुडाच्या छपरात नाहीतर पत्र्याखाली झोपले होते ते वाचले, जे गावात सगळ्यात गरीब होते त्यातले किती तरी जण ह्याच कारणानं वाचले.

कच्छमध्ये पण असंच. तिथं ते भुंगे असतात ना, गोल मातीच्या झोपड्या, वर गवताचं टोपीसारखं छप्पर, त्या बऱ्याचशा नीट राहिल्या. गोल भिंतीला कोपराच नसतो त्यामुळं फाटायला जागा नाही, आणि वर ओझं नाही. जुन्या भुजमधली दगडी घरं पडली. रिक्षावाल्यानं येताना सरकारी हॉस्पिटल दाखवलं, जुनं हॉस्पिटल भूकंपात पेशंटसकट कोसळलं होतं, नवीन जे बांधलंय ते रबर आणि शिशाच्या आधारांवर ठेवलंय, म्हणजे खालची जमीन हलली तरी वरची बिल्डिंग सावकाश झुलते, तुटत नाही. रिक्षावाला शिकलेला नव्हता फार, पण हे त्यानं मला हातवारे करून समजावलं. त्याच्या तालुक्याला हे ज्ञान पोचलंय. आमच्या पुनर्वसित गावात काय चाललंय माहितीय का? सरकारनं बांधून दिलेली घरं लहान होती, भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, जास्त जमीनवाल्यांना ७५०. कुटुंबं वाढली, साहजिक आहे, लोकांनी पुढं-मागं खोल्या काढल्या, वर मजले चढवले. मूळ घराला बँड आहे, म्हणजे भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यात सळ्या आहेत, नवीन खोलीला काहीच नाही. मी माझ्या चुलतभावाला विचारलं तर म्हणाला, आता कुठं येतोय भूकंप. ९२ च्या ऑक्टोबरात धक्के बसायला लागले तेव्हा गाव महिनोन् महिने बाहेर झोपत होतं, माय सांगते, थंडीत अंगणात, मग धक्के कमी झाले, कुणी सांगितलं इथला खडक पक्का आहे, दख्खनचं पठार आहे, इथं भूकंप होत नाही, मग सगळे आत गेले. नकाशावर आपला भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. २००२ ला नकाशा बदलून आपल्याला झोन तीनमध्ये टाकलं. हे आमच्या गावातल्या दहावीच्या पोराला विचारा, त्याला माहीत नाही. कच्छची तर गोष्टच वेगळी, त्यांना १८१९ चा भूकंप माहीत, १९५६ चा अंजारचा माहीत, आजोबा-पणजोबांपासून ऐकत आलेत. आमच्याकडं हे एकदाच घडलंय, म्हणून ते विसरलं जाण्याची भीती आमच्याकडं जास्त.

आणि खरं सांगू का, कच्छला उभं करण्यात आपला पण हात आहे, हे मला कुणी तरी अभिमानानं सांगायला हवंय आमच्या पोरांना. लातूरचा अनुभव होता म्हणून २००१ मध्ये वाजपेयींनी आपत्ती व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय समितीवर शरद पवारांना उपाध्यक्ष म्हणून घेतलं. स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेबरोबर लातूर-उस्मानाबादच्या खेड्यातल्या बायका कच्छला गेल्या, तिथल्या बायकांना भेटल्या, घर बांधताना काय बघायचं, मिस्त्रीला काय विचारायचं, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातनं सांगितलं. भाषा येत नव्हती एकमेकींची. भारतीय जैन संघटनेनं आमच्याकडची बाराशे मुलं शिकायला पुण्याला नेली होती, त्यातली किती तरी आज मोठ्या पदांवर आहेत, त्यातला एक माझा वर्गमित्र. हे सगळं कुठं बघायला मिळतं एका जागी? आपत्ती आली की काय करायचं हे देशानं शिकायला सुरुवात केली ती आमच्या मातीवर, हा माझा ठाम समज आहे.

दोन्हीकडच्या पुनर्वसनात एक मोठा फरक आहे त्याचा पण मी तिथं खूप विचार करत होतो. गुजरातमध्ये बहुतेक खेड्यांतल्या लोकांना पैसे आणि मार्गदर्शन देऊन आपापल्या जागी आपलं घर आपणच बांधायला सांगितलं. आमच्याकडं बावन्न गावं उचलून दुसरीकडं नेली. लोकांनीच मागितलं होतं तसं, जुन्या जागेत पाय ठेवायची कुणाची हिंमत नव्हती, त्यामुळं चूक कुणाचीच म्हणत नाही मी. पण नवीन गाव म्हणजे सरळ रेषेत रस्ते, ऐसपैस, गल्ली नाही, पार नाही, ढाळज नाही, आणि जमिनीच्या हिशोबानं घरं दिल्यामुळं जुने शेजारी तुटले. कच्छच्या माणसाला निदान गल्ली तीच राहिली. आमचं घर गेलं, माणसं गेली, आणि गावाची जागा पण गेली. म्हणून आम्हाला लिहून ठेवण्याची गरज त्यांच्यापेक्षा काकणभर जास्तच आहे असं मला वाटतं.

स्मृतिवनच्या शेवटच्या दालनात डिजिटल ज्योत लावून श्रद्धांजली वाहता येते. मुलीनं लावली. मायनं नाही लावली, तिला ते स्क्रीनचं काही समजलं नाही, ती हात जोडून उभी राहिली. मला विचाराल तर मला स्वतःला पण स्क्रीनपेक्षा बाहेरच्या त्या भिंती जास्त लागल्या. दगडावर कोरलेलं नाव असलं की त्याला हात लावता येतो, पाणी घालता येतं, फूल ठेवता येतं. त्याला वीज लागत नाही, ऑपरेटर लागत नाही, दहा वर्षांनी बिघडत नाही. आमच्या गावाला तेच हवंय. प्रत्येक जुन्या गावठाणात एक दगडी भिंत, तिथल्याच पडलेल्या घरांच्या दगडांची, चांगली आरपार दगड घालून बांधलेली, म्हणजे कशी बांधायची हे पण लोकांना दिसेल, आणि तिच्यावर गावातल्या गेलेल्या प्रत्येकाचं नाव, वय. बारशाआधी गेलेली तान्ही लेकरं पण त्यात आली पाहिजेत, त्यांच्या आईच्या नावानं लिहा पण लिहा. बावन्न गावांपैकी कुठं तरी एखादा माळवदाचा सांगाडा, एखादा खण, एखादी गल्लीची रेघ अजून शिल्लक असेल तर ती बाभळी काढून राखा, त्याच्यावर बुलडोझर नका फिरवू. लातूर, उमरगा, औसा इथल्या कॉलेजच्या पोरांना मोबाईल देऊन गावागावात पाठवा, म्हाताऱ्या माणसांशेजारी बसवा आणि बोलू द्या त्यांना, रेकॉर्ड करा. ह्याला किती खर्च येतो? मला तर वाटतं खर्चापेक्षा कुणी तरी मनावर घेण्याचाच प्रश्न आहे.

भुजहून परतीची गाडी रात्रीची होती. मायला रात्री झोप लागत नाही, ९३ पासून नाही, पहाटे चारच्या आधी तिला जाग येतेच आणि ती उठून बसते. गांधीधाम गेल्यावर सगळा डबा झोपला, मी पण आडवा झालो होतो, ती म्हणाली उठ, मोबाईल काढ आणि लिही. आणि ती सांगायला लागली. वेशीपासून. डाव्या हाताचं पहिलं घर, त्यात किती माणसं, कोण गेलं, कोण राहिलं. मग दुसरं. मग मारुतीच्या देवळासमोरचं. कुणाची सून आठ महिन्यांची गरोदर होती. कुणाचा पाहुणा गणपतीला म्हणून आला होता, परगावचा, त्याचं नाव कुठल्याच गावाच्या यादीत नसणार. कुणाच्या घरी तर मागं राहिलेलं कुणीच नव्हतं, मग त्यांचे पैसे घ्यायला पण कुणी आलं नसणार, म्हणजे ते पण यादीत नसतील. मी टाईप करत होतो. अहमदाबाद आलं तेव्हा ७१ नावं झाली होती. आमची गल्ली आणि शेजारची गल्ली एवढंच. वरच्या आळीचं तिला नीट येईना, म्हणाली ते अमक्या मावशीला माहीत, मग स्वतःच थांबली, कारण ती मावशी मागच्या दिवाळीतच वारली.

म्हणून माझी तुमच्याकडं एक विनंती आहे. दर ३० सप्टेंबरला तुम्ही किल्लारीवर एक पान काढता, त्यात तेच जुने फोटो असतात, पडलेली घरं, रडणारी बाई, मदतकार्य करणारे जवान, आणि तो आकडा. ह्या वर्षी त्या पानावर फोटो नका टाकू. नावं छापा. एका गावाची छापा, चालेल. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाची. लोकांना आधीपासून आवाहन करा की तुमच्या घरातली, गल्लीतली नावं पाठवा, तुमच्या वार्ताहरांना गावोगाव बसवा, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं तोंडी घ्या. चुका होतील, दोनदा नावं येतील, कुणाचं राहील, ते पुढच्या वर्षी दुरुस्त करता येईल. पेपरात आलं की मग सरकारी यादी पण कपाटातनं बाहेर येईल, मला खात्री आहे.

मायनं सांगितलेली ७१ नावं मी ह्या पत्राबरोबर वेगळ्या कागदावर पाठवतोय. ती छापायच्या आधी त्या त्या घरच्या माणसांना विचारा, ज्यांचं कुणी उरलेलं नाही त्यांचं गावातल्या जुन्या माणसांना विचारा. आज्जीचं नाव त्यात सतराव्या नंबरला आहे आणि भावाचं अठराव्या. त्याचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण सगळे त्याला दुसऱ्याच नावानं हाक मारायचे, माय म्हणाली दोन्ही लिही. दोन्ही लिहिलीत.

आपला नम्र,
एक वाचक
(मूळ गाव औसा तालुका, जि. लातूर, सध्या पुणे)